पाठमोरा पाणवठा

वाळवंटात माणूस पाण्याकडे जात नसतो; पाणीच माणसाला बोलावून घेतं. ज्याला ती हाक येते तो निघतो, आणि जो निघतो तो पोचल्याशिवाय राहत नाही.

हे वाक्य मी आमच्या वाळवंटी रेडिओवर इतक्या वेळा बोललोय की शेवटीशेवटी ते मलाही खरं वाटू लागलं होतं. आवाज खर्जात लावायचा, मागे वारा घोंगावायचा (स्टुडिओची खिडकी लागत नसल्यामुळे त्याची सोय आपोआप झाली होती) आणि ऐकणारे हळवे व्हायचे. प्रत्यक्षात मला पाण्याची हाक आली ती निवृत्तीनंतर, एका गुरुवारी, कुत्र्यामार्फत. निघताना मी घरचीच पाण्याची टाकी फोडली, सरकारी फाटकावर बिननावाचा इसम ठरलो, एका उंटाच्या मनावर कायमचा आघात केला आणि पोचल्यावर दुपारभर एका खडकाकडे तोंड करून उभा राहिलो. पाणी मी अजून पाहिलेलं नाही.

वाट तशी काहीच नाही. गाडी लावायची जागा ते पाणवठा, हातात चहाचा मग घेऊन निघालं तर चहा निवायच्या आत माणूस पोचतो. पाणवठ्याचं नाव मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझ्या सासूबाईंचा आहे, कारण तो मुलूख त्यांचा. मी इथला जावई. माझा मुलूख इथून पश्चिमेला, वाळूच्या टेकड्यांपलीकडे, जिथे पाणीही नाही आणि रेंजरही नाहीत.

आता सासूबाईंविषयी. आमच्यात, म्हणजे या वाळवंटाच्या मूळ रहिवाशांत, जावई आणि सासू एकमेकांसमोर येत नाहीत. बोलत नाहीत, बघत नाहीत, नाव घेत नाहीत, एका सावलीत बसत नाहीत. यात भांडण अजिबात नाही. आदराची ही सगळ्यात वरची पायरी आहे. इमूनाशी लग्न झाल्यापासून मी या बाईंचा इतका आदर केलाय की त्या उंच आहेत की ठेंगण्या, हे मला खात्रीने सांगता यायचं नाही. दुकानात त्यांचा खोकला ऐकू आला की मी टाचेवर वळतो आणि समोर जो खण येईल त्यातलं काहीतरी उचलतो. समोर नेहमी मासळीच्या डब्यांचा खण येतो. आमच्या घरात कुणी मासळी खात नाही, पण डबे पुष्कळ आहेत.

सासूबाईंच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. सोमवारी दवाखान्याचं विमान त्यांना दूरच्या शहरात, अ‍ॅलिसला नेणार होतं. तिथलं रक्त धुणारं मशीन दर आठवड्याला पुन्हापुन्हा बोलावतं, त्यामुळे गेलेला माणूस परत वस्तीत राहायला येत नाही. येतो तो कुणाच्या तरी मयताला, आणि मग स्वतःच्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमची लेक लोरेटा शहरातून बाळाला घेऊन आली होती. बाळाची अजून पाण्याशी ओळख व्हायची होती. त्या पाण्यात जो मोठा नाग राहतो, त्याला अनोळखी वास खपत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने जाऊन हाक मारायची, वाळू टाकायची, नव्या माणसाच्या डोक्याला ओला हात लावायचा आणि सांगायचं, हा आपला आहे. मग ते मूल जन्मभर तिथे निर्धास्त जाऊ शकतं. ही ओळख सासूबाईच करून देऊ शकत होत्या, आणि सोमवारनंतर त्या इथे नसणार होत्या.

गुरुवारी सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला.

"सार्जंट, इकडे ये. आज पाण्यावर जायचंय. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला सांग."

सार्जंट हा माझा कुत्रा. म्हणजे झोपायला माझ्याकडे आणि जेवायला सासूबाईंकडे. समोरासमोर बोलता न येणाऱ्या दोन घरांत असा एक जबाबदार प्राणी लागतोच. तो माझ्यापाशी येऊन बसला आणि कान खाजवू लागला. निरोप पोचला.

ज्याच्याकडे गाडी आहे तो मीच, आणि गाडी चालवणाराही मीच. इमूनाने गाडी एकदाच चालवली होती, तेव्हापासून वस्तीतल्या दुकानाला दोन दरवाजे आहेत. लोरेटा शहरात बिनगिअरच्या गाडीला सोकावलेली, माझ्या गाडीचा गिअर पाहून ती म्हणाली, "बाबा, हा स्क्रूड्रायव्हर आहे." तो स्क्रूड्रायव्हरच होता. राहता राहिला शेजारचा मर्विन, इमूनाचा मावसभाऊ, म्हणजे नात्याने माझा मेहुणा. त्याचा परवाना पोलिसांनी ठेवून घेतला होता, आणि त्या दिवसापासून त्याने सगळ्या वस्तीला गाडी कशी चालवावी यावर सल्ला द्यायचं काम अंगावर घेतलं होतं.

"दाजी, सोपं आहे," मर्विन म्हणाला. "तुम्ही डोक्यावर बादली घालायची. मी शेजारी बसून डावं-उजवं सांगतो."

"आणि खड्डा?"

"खड्डा तर आपोआप कळतोच ना."

"नको."

"मग मावशीला ट्रॉलीत बसवू. ट्रॉली म्हणजे वेगळी गाडी. कायद्यानेसुद्धा."

"माझी आई ट्रॉलीत बसणार नाही," इमूना म्हणाली. "तिने ज्या मुलखाच्या जमिनीसाठी कोर्टात साक्ष दिली, त्या मुलखातून ती बटाट्यासारखी जाणार नाही."

शेवटी इमूनानेच तोड काढली. तिने कुठूनसं एक जाडजूड ब्लँकेट आणलं आणि पुढच्या सीटच्या मागे या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत ताणून बांधलं. पुढे मी आणि मर्विन, मागे सासूबाई, इमूना, लोरेटा, बाळ, सासूबाईंचा चाकांचा वॉकर आणि निरोप्या म्हणून सार्जंट. ब्लँकेटवर एका वाघाचं आक्राळविक्राळ डोकं होतं. हे असले वाघ आमच्या वस्तीत घरोघरी आहेत, खरा कुणी पाहिलेला नाही. वाघाचं तोंड पुढच्या बाजूला आलं, म्हणजे बरोबर माझ्या मानेपाशी. मी तोंड मागे फिरवायला सांगितलं, तर इमूना म्हणाली, "मागे बाळ आहे. घाबरेल." माझ्या घाबरण्याचा विचार या घरात कधी झालेला नाही.

बसल्यावर मर्विनच्या लक्षात आलं की मधल्या आरशात ब्लँकेटची वरची कड दिसते, आणि खड्ड्यात ब्लँकेट खाली आलं तर मावशीही दिसेल. त्याने लोणी लावायच्या सुरीने आरसा उपटून काढला. बाजूचे दोन्ही आरसे आकाशाकडे वळवले. मला आता ढग दिसले असते, पण ते इथे नसतात.

"या दाजी, मागे या," मर्विन खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "या... या... अजून या... भरपूर जागा आहे."

जागा भरपूर होती, पण ती आमच्या पाण्याच्या टाकीने व्यापलेली होती. टाकीतून पाणी असं आलं की मर्विनच्या कोंबड्या त्याच्या अंगणातून माझ्या अंगणात वाहत आल्या. पवित्र पाण्याकडे निघताना घरचं पाणी सांडणं चांगलं की वाईट, यावर मर्विनने विवेचन सुरू केलं. तेवढ्यात ब्लँकेटच्या मागून खोकला ऐकू आला. साधा खोकला. पण लग्नापासून मी ज्या ज्या चुका केल्या त्या सगळ्या त्यात एकत्र होत्या. मी गुपचूप पहिला गिअर टाकला.

पाणवठ्याचा भाग आता सरकारी उद्यानात येतो; त्याच्या फाटकावर डेमियन नावाचा नवा रेंजर होता. कोवळं पोर, नाकाची सालं निघालेली, टोपी नियमाप्रमाणे. फाटकाशेजारी पाटी: छत्तीस अंशांच्या वर पायवाट बंद. खाली थर्मामीटर. थर्मामीटरमध्ये छत्तीस कुठेतरी खाली, तळाशी राहिले होते.

"माफ करा सर, बंद आहे," डेमियन म्हणाला. "नोंद करून ठेवतो, उद्या पहाटे या. नाव?"

"सध्या नाही."

"विसरलात?"

"बंद आहे. गेल्या थंडीपासून."

आमच्यात माणूस गेला की त्याचं नाव मिटून ठेवतात, घरच्यांचं दुःख वाळेपर्यंत कुणी ते उच्चारत नाही. दक्षिणेकडे माझ्याच नावाचे एक गृहस्थ गेल्या थंडीत वारले. मी त्यांना कधी भेटलोही नव्हतो. पण त्यांच्याबरोबर माझंही नाव गेलं आणि तेव्हापासून मी कुनमनारा, म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही तो. ज्या नावाने वाळवंटभर माझा कार्यक्रम गाजला ते नाव एका अनोळखी माणसाच्या मरणाने काढून घ्यावं, याचं मला दुःख नाही. थोडं आहे.

डेमियनने लिहिलं: नाव, बंद.

"साहेब, ही त्यांचीच जमीन आहे," मर्विन मागे अंगठा दाखवत म्हणाला. "यांनीच तुम्हाला भाड्याने दिलीय."

डेमियन अदबीने म्हणाला, "मूळ मालकांसाठी अपवाद आहे. पण त्याला मालक समितीच्या अध्यक्षांची परवानगी लागते. मी आत्ता फोन करतो."

त्याने नंबर लावला. आमच्या गाडीत, ब्लँकेटच्या मागे, फोन वाजू लागला.

फार वेळ वाजला. मग पिशव्या उलट्यापालट्या झाल्याचा आवाज आला आणि सासूबाई त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "कोण आहे?"

डेमियन आमच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून फोनमध्ये बोलत होता. "मॅडम, फाटकावर एक कुटुंब आलंय. वृद्ध बाई आहेत, बाळ आहे. त्यांना सोडू का?"

"काय म्हणतोय हा?" पलीकडून आलं.

डेमियनने फोनवर हात ठेवला. "त्यांना माझी भाषा समजत नाही. नियमाप्रमाणे नोंदणीकृत दुभाषा लागेल." त्याने खिशातून यादी काढली. या भागासाठी एकच दुभाषा नोंदलेला होता. त्याने नाव वाचलं, म्हणजे ते नाव, आणि मर्विनने दोन्ही कान झाकून घेतले.

"हे कुठे भेटतील?" डेमियनने विचारलं.

"मीच तो," मी म्हणालो. "पण मला जमणार नाही."

"का?"

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

डेमियनने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "माझंही माझ्या सासूशी फारसं पटत नाही सर."

त्याला समजावत बसलो असतो तर बाळाला दाढी आली असती. पण तेवढ्यात मागे इमूना आईच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि सासूबाई म्हणाल्या, "सार्जंट, बाहेर लाल नाकाचा एक मुलगा उन्हात उभा आहे. त्याला सांग, मी इथेच आहे आणि माझी परवानगी आहे. आणि नाकाला काहीतरी लाव म्हणावं."

मी क्षणभर विचार केला. सासूबाई माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मी त्यांचं ऐकत नव्हतो. एका कुत्र्याला काही सांगण्यात आलं होतं आणि मी त्या कुत्र्याचा दुभाषा होतो. यात कुठलाही नियम मोडत नव्हता, ना आमचा, ना सरकारचा.

"कुत्रा म्हणतो, परवानगी आहे," मी डेमियनला म्हणालो.

डेमियनने ते लिहून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. हा मुलगा नोकरीत पुढे जाईल. फाटक उघडता उघडता मात्र तो म्हणाला, "एकच. या उन्हात उभ्या गाडीत कुणीही बसून राहायचं नाही. गेल्या वर्षी एक पाहुणे बेशुद्ध पडले. सगळ्यांनी वाटेने जायचं, नाहीतर गाडी फाटकाबाहेर. मी फेरी मारून बघणार आहे."

मी गाडीत बसून राहायचं, हाच तर आमचा बेत होता. माझी त्या पाण्याशी ओळख झालेली नव्हती. करून देणार कोण? ज्यांना हक्क होता त्या माझ्याकडे बघू शकत नव्हत्या. दर वेळी सगळे पाण्यावर जायचे आणि मी गाडीत बसून मागाहून ऐकलेल्या वर्णनावरून कार्यक्रम लिहायचो. आता इकडे डेमियन आणि तिकडे नाग. डेमियनने नोंद केली असती. नागाने नोंद केली नसती.

"तू अर्ध्या वाटेवर झाडाखाली थांब," इमूना म्हणाली. "डोक्यावरून हे ब्लँकेट घे, म्हणजे आई वळली तरी अडचण नाही. आणि उगाच चेहरा पाडू नकोस, चालायलाच सांगतेय."

अशी आमची यात्रा निघाली. पुढे वॉकर ढकलत सासूबाई, बाजूला सार्जंट, मग लोरेटा आणि बाळ, मग इमूना, मग बरंच अंतर, मग मर्विन, आणि त्याच्या मागे भर उन्हात डोक्यावरून ब्लँकेट घेतलेला मी. वाघ बाहेरच्या बाजूला होता. आत भाकरी भाजली असती. मला फक्त माझे पाय आणि मर्विनच्या टाचा दिसत होत्या, आणि आयुष्यभर रेडिओवर अधिकाऱ्यांची टर उडवणाऱ्या माणसाला म्हातारपणी हे बघावं लागावं, याचा मी विचार करत होतो, तोच मर्विनच्या टाचा थांबल्या.

"दाजी, हलू नका. वाटेत उंट आहे."

उन्हाळ्यात हे रानटी उंट पाण्याच्या वासाने येतात आणि स्वतःचंच घर असल्यासारखे उभे राहतात. हा आडवा उभा राहून चघळत होता. बायकांना त्याने पुढे जाऊ दिलं होतं आणि आता आमचं काय करावं याचा विचार करत होता.

"नजर मिळवू नका," मर्विन कुजबुजला.

"मर्विन, मी जन्मभर दुसरं काही केलेलं नाही."

"मग जरा मोठे दिसा. हात पसरा. उंट मोठ्याला घाबरतो."

मी हात पसरले. त्यासरशी ब्लँकेट पसरलं आणि वाघ पूर्ण आकारात उंटासमोर उभा राहिला. या उंटाने, त्याच्या बापाने, आज्याने, कुणीच वाघ पाहिला नव्हता. पण काही गोष्टी शिकाव्या लागत नसाव्यात. उंटाने असा आवाज काढला की मला वाटलं ट्रकचे ब्रेक गेले. तो मागे वळला, बायकांच्या दिशेने सुटला, तिथे सार्जंट भुंकला म्हणून पुन्हा आमच्याकडे फिरला. मर्विन झाडावर चढला. ज्या झाडावर चढला ते झाड नव्हतं, झुडूप होतं. ते त्याच्यासकट आडवं झालं. इमूना आणि लोरेटा बाळाला घेऊन डावीकडच्या दगडांवर चढून पलीकडे उतरल्या. मी ब्लँकेटमध्ये होतो. मी पळालो, एवढंच मला सांगता येईल. कुठे, ते एका मोठ्या खडकावर आपटल्यावर कळलं.

खूप शांत होतं. हवा एकदम गार लागत होती. ओल्या दगडाचा वास येत होता.

"सार्जंट," खडकाच्या पलीकडून आवाज आला, "कोण आलंय ते विचार."

माझं घामाने भिजलेलं अंग त्या गार हवेत आणखी गार पडलं. तिथे आम्ही दोघंच होतो. मध्ये एक खडक आणि एक कुत्रा. जो प्रसंग टाळण्यासाठी मी अख्खं वैवाहिक आयुष्य मासळीचे डबे विकत घेतले, तो समोर उभा होता. समोर म्हणजे पलीकडे.

"सार्जंट," मी खडकाकडे तोंड करून म्हणालो, "सांग की कुणीही नाही."

पलीकडे वाळूत चाकं खरखरली.

"सार्जंट, त्या कुणीही नाहीला सांग, वॉकरची चाकं वाळूत रुतलीत. मी पुढे जाऊ शकत नाही आणि मागेही नाही."

"सार्जंट, सांग की इमूना येईलच इतक्यात."

"इमूनाचा गुडघा धरलेला आहे. ती दगड उतरून वळसा घालून येईल तोवर मला ऊन लागेल." आवाज हळू झाला. "सार्जंट, मी काही मागत नाहीये. पण सोमवारी विमान आहे, हे तुला ठाऊक असावं."

सार्जंट खडकाला वळसा घालून माझ्याकडे आला आणि माझ्याकडे बघत बसला. त्याच्याही नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

"सार्जंट," मी म्हणालो, "सांग, की मी इथला नाही. हे पाणी मला ओळखत नाही. आणखी पुढे आलो तर मला काही झालं तरी चालेल, पण सगळ्यांवर काही ओढवलं तर?"

"पाण्याचं मी बघते," पलीकडून आलं. "त्याने वॉकर ओढायचं बघावं."

मग मी डोळे घट्ट मिटून घेतले, टोपी नाकापर्यंत ओढली आणि ब्लँकेटचं एक टोक खडकाच्या बाजूने पलीकडे फेकलं. पलीकडे गाठ मारल्याचं जाणवलं. त्या वॉकरच्या फळीवर बसल्या असाव्यात, कारण ब्लँकेट एकदम जड झालं. दुसरं टोक मी खांद्यावर घेतलं, त्यांच्याकडे पाठ केली आणि बैलासारखा वाकलो.

"सार्जंट, डावीकडे."

मी डावीकडे गेलो आणि गुडघा दगडावर आपटला.

"सार्जंट, दुसरं डावीकडे."

"सार्जंट, विचार की दुसरं डावीकडे म्हणजे उजवीकडे का."

"सार्जंट, हा रेडिओवरही असाच मध्ये बोलायचा."

म्हणजे त्या ऐकत होत्या. इतकी वर्षं. मी ओढत राहिलो. पायाखालची वाळू ओली झाली, माझा श्वास त्या खडकांमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा घुमू लागला, आणि मग आवाज आला, "बस." मी टोक सोडलं, डोळे मिटूनच चाचपडत बाजूच्या खडकापाशी गेलो आणि त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. त्या खडकावर मुंग्यांची एक रांग होती. ती मी पाठ केली.

इमूना आणि लोरेटा आल्या. पाठोपाठ लंगडत मर्विन. मग सासूबाई उठल्या आणि त्यांनी हाक मारली. खोकणाऱ्या, थकलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. तो आवाज वर कड्यापर्यंत गेला आणि तिथून कुणीतरी उत्तर दिल्यासारखा खाली आला. पाण्यात वाळू पडल्याचं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, मी आलेय, माझ्या आईची मुलगी, आणि हे माझं बाळ आहे, माझ्या लेकीच्या लेकीचं. बाळाला गार हात लागला असावा. ते रागावून रडलं आणि सगळ्या बायका हसल्या.

आता परत फिरायचं, असं मला वाटलं. पण त्या फिरल्या नाहीत.

"आणखी एक आहे," त्या पाण्याला म्हणाल्या. "तो मागे, दगडाकडे तोंड करून उभा आहे तो. माझ्या इमूनाचा. नाव विचारू नकोस, मी कधी घेतलं नाही आणि आता तर कुणीच घेत नाही. बडबड्या आहे. गाडी वाईट चालवतो. पण या घरात कुणी उपाशी झोपलं नाही आणि माझ्यासमोर हा एकदाही चुकून आला नाही. मी चार दिवसांत जाते आहे. आता बाळाला घेऊन हाच येईल. याला खाऊ नकोस, वास ओळखून ठेव."

मला हात लावणं शक्य नव्हतं. मग पाण्यात काहीतरी जड बुडवल्याचा आवाज आला. इमूना मागून येऊन माझ्या कानात म्हणाली, "ब्लँकेटचं टोक. तुझ्या खांद्यावरचं. घामाचं."

मी मुंग्यांकडे बघत होतो. त्या मला नीट दिसत नव्हत्या.

"आता वळून बघितलंस तरी चालेल," इमूना म्हणाली. "पाणी तुला ओळखतं."

पण सासूबाई पाण्याच्या कडेलाच बसल्या होत्या. पाणी बघायचं तर त्यांना बघावं लागलं असतं. त्यांनी पाय पाण्यात सोडले असावेत, तसा हलका आवाज येत होता. त्यांना उठवायची कुणालाच घाई नव्हती. डेमियन फेरी मारायला आला, सगळ्यांकडे बघितलं, टोपी काढली आणि काही न लिहिता निघून गेला. मी तसाच उभा राहिलो. माझ्या मनात पुढचा कार्यक्रम आपोआप तयार होऊ लागला होता. निवृत्त असलो म्हणून काय झालं, यावर एकदा बोलायलाच हवं होतं. ते ब्लँकेट मी जपून ठेवणार होतो. ज्याच्यावर पाण्याने माझी ओळख लिहून घेतली ते ब्लँकेट पुढे बाळाच्या हाती द्यायचं, आणि त्याने त्याच्या... एवढ्यात ओल्या ब्लँकेटची एक जड गुंडाळी येऊन माझ्या पाठीवर आपटली.

"सार्जंट," सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, हे ब्लँकेट माझं आहे. इमूनाने सकाळी मला न विचारता नेलं. मशीनच्या खोलीत फार थंडी असते म्हणतात. सोमवारच्या आत धुऊन दे म्हणावं. साबण लावून. मला त्याचा वास अ‍ॅलिसपर्यंत न्यायचा नाही."